टब तापत नाही म्हणजे हीटर गेला, असं नसतं

मुलुंडच्या एका गृहस्थांनी विचारलंय. रिसेलमध्ये घेतलेल्या टेरेस फ्लॅटच्या गच्चीवर आधीच्या मालकाने बसवलेला पाच जणांचा हॉट टब आहे. गेल्या हिवाळ्यात झकास चालला. पावसाळाभर रिकामा करून ताडपत्रीखाली ठेवला होता, दसऱ्याला धुऊन भरला. दिवे लागतात, जेट जोरात येतात, पॅनलवर एररही नाही, पण पाणी 28 अंशांवरून फार तर 30 पर्यंत जातं आणि तिथेच बसतं. जेट पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात म्हणून पुन्हापुन्हा बटण दाबून तीन तास चालवले, तरी फरक नाही. एक मेकॅनिक म्हणाला हीटर गेला, दुसरा म्हणाला बोर्ड गेला. कोणाचं ऐकू?

अजून कोणाचंच ऐकू नका. दोघं आले, दोघांनी कव्हर उघडून बघितलं, मान हलवली आणि आकडा सांगितला. पण कोणी काही मोजलं का, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि मोजलं असतं तर तुम्ही नक्की लिहिलं असतं. मी 22 वर्षं हे काम करतोय. सुरुवात लालबाग-परळच्या चाळींमधल्या गीझरपासून झाली, मग एका हॉटेलच्या हेल्थ क्लबमध्ये मेंटेनन्सला होतो, आता लोकांच्या गच्चीवरचे टब आणि बाथरूममधल्या जकुझी बघतो. एवढ्या वर्षांत ‘तापत नाही’ या तक्रारीवर मी हीटर बदललेत, नाही असं नाही. पण त्याहून कितीतरी जास्त वेळा हीटर ठणठणीत निघाला आणि त्याला चालूच होऊ न देणारा भलताच कोणीतरी सापडला.

कारण टबमधला हीटर स्वतःच्या मर्जीने चालत नाही. आधी कंट्रोलरला वाटायला हवं की पाणी थंड आहे. मग तो पंप सुरू करतो. हीटरच्या नळीतून पाणी खरंच वाहतंय, अशी खात्री त्याला फ्लो स्विच किंवा प्रेशर स्विचकडून मिळावी लागते. ओव्हरहीटचा कटआऊट उडालेला नसावा लागतो. हे सगळं जमलं की मग बोर्डावरचा रिले, म्हणजे विजेनेच चालणारा स्विच, बसतो आणि हीटरला करंट मिळतो. या साखळीत कुठेही एक कडी सुटली तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच: पाणी गार. तेव्हा तुमचा खरा प्रश्न ‘हीटर की बोर्ड’ हा नाहीच. हीटरला कोण अडवतंय, हा आहे.

आता तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींकडे बघू. तुम्हाला त्या बिनमहत्त्वाच्या वाटल्या असतील, मला त्याच सगळ्यात कामाच्या वाटल्या.

पहिली, पाणी 30 पर्यंत जातं ही. यावरून लोक म्हणतात, ‘थोडं तापतंय, म्हणजे हीटर अर्धा चालतोय.’ तुमच्यासारख्या टबमध्ये साधारणपणे एकच एलिमेंट असतं, ते एक तर चालतं किंवा नाही चालत. मग दोन अंश आले कुठून? पंपातून. जेटचा पंप दीड किलोवॅटचा असेल, तर त्या ताकदीचा बराचसा भाग पाणी घुसळून घुसळून शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरतो. आणि जेटमधून जी हवा येते ती तितक्याच इमानाने पाणी गार करते. दोघांची बरोबरी जिथे होते तिथे काटा थांबतो. तुमच्याकडे तो 30 वर थांबलाय. म्हणजे हीटर अजिबात चालत नाहीये, हे मी मुलुंडला न येता सांगू शकतो.

दुसरी, तीन तास जेट चालवले ही. इथे हसू येतं, पण तुमच्यावर नाही, हे सगळेच करतात. जेट जोरात लावले की पाणी लवकर तापेल असं वाटणं साहजिक आहे. होतं नेमकं उलटं. 3 किलोवॅटचा हीटर 13 अँपिअर घेतो, जेटचा पंप आणखी सहा-सात. दोन्ही मिळून 16 अँपिअरच्या प्लगवर बसत नाहीत. म्हणून अशा जोडणीत कंट्रोलरचं सेटिंगच असं असतं की जेट फुल स्पीडवर असताना हीटर बंद. तुमची जोडणी तशी असेल, तर ते तीन तास तुम्ही स्वतःच हीटरला उठू दिलं नाहीत. 32 अँपिअरची वेगळी लाइन ओढलेली असेल तर ही अडचण बहुधा नसेल. प्लग आहे की थेट एमसीबीवरून वायर आलीय, एवढं बघून घ्या.

तरी एवढ्याने प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही, कारण रात्रभर जेट बंद असतानाही टब तापायला हवा होता.

पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही: पॅनलवरचं हीटचं चिन्ह. तापमान 38 वर सेट करा, जेट बंद करा, झाकण लावा आणि दहा मिनिटांनी पॅनल बघा. चिन्ह दिसतच नसेल, तर कंट्रोलरला पाणी तापवायचंच नाहीये. काही पॅनलवर ते लुकलुकत राहतं. म्हणजे तापवायचं आहे, पण हीटर अजून सुरू करता येत नाहीये. स्थिर लागलं असेल, तर कंट्रोलरने हुकूम सोडलाय आणि करंट पोचतोय का ते बघायचं. तीन वेगळे रस्ते आहेत, खर्चही तीन वेगळे.

चिन्ह नसेल तर आधी मोड बघा. बऱ्याच टबमध्ये स्टँडर्ड, इकॉनॉमी आणि स्लीप असे मोड असतात. इकॉनॉमीत हीटर फक्त फिल्टरच्या ठरलेल्या तासांतच चालतो. चार महिने लाइट बंद होती, घड्याळ बिघडलं, धुताना कोणाचा तरी हात पॅनलवर पडला, काहीही होऊ शकतं. खारला एका घरी मी टूलबॉक्स न उघडता एक बटण दाबून परत आलोय. व्हिजिटचे पैसे घेताना मलाच लाजल्यासारखं झालं. घेतले मात्र.

मोड ठीक असेल तर सेन्सर. हा मुंबईचा खास आजार आहे. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे एक छोटा थर्मिस्टर. बऱ्याच टबमध्ये त्याचा रोध 25 अंशांना 10 हजार ओहम असतो आणि पाणी तापेल तसा कमी होत जातो, 38 अंशांना सहा हजारांच्या आसपास येतो. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल शिरली की त्या ओलीतूनही थोडा करंट वाहतो, एकूण रोध कमी दिसतो, आणि कंट्रोलर समजतो पाणी तापलेलंच आहे. मग तो कशाला हीटर लावेल? पण तुमचं पॅनल 28-30 दाखवतंय. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर पाण्यात धरा. तोही तेच म्हणाला, तर सेन्सरवरचा संशय सोडा.

माझा संशय त्या तिघांपैकी दुसऱ्या रस्त्यावर आहे, म्हणजे चिन्ह लुकलुकतंय पण हीटर सुरू होत नाही यावर, आणि इथे जरा थांबून सांगतो.

‘जेट जोरात येतात म्हणजे पंप चांगला आहे’, हे वाक्य मला दर हिवाळ्यात ऐकायला मिळतं. पण जेट आणि हीटर यांचं पाणी एकाच रस्त्याने जातं असं नाही. कित्येक टबमध्ये जेटचा पंप वेगळा आणि पाणी फिरवून हीटरमधून नेणारा छोटा पंप वेगळा असतो, पाण्याच्या बाटलीएवढा. एकच पंप असेल तर तो दोन स्पीडचा असतो, आणि हीटर चालतो तो स्लो स्पीडला. म्हणजे जेट तुफान असतील आणि तरीही हीटरच्या नळीतलं पाणी जागचं हललेलं नसेल, हे अगदी शक्य आहे. चार महिने कोरडा पडलेला छोटा पंप जॅम होणं तर नेहमीचंच.

गेल्या वर्षी चेंबूरला असाच टब होता. तोही पावसाळाभर ताडपत्रीखाली. बाजूचं पॅनल काढून आत हात घातला तर छोटा पंप चटका बसेल इतका गरम, आणि कान लावला तर नुसता ‘हंऽऽ’ असा आवाज. मोटर जोर करतेय, फिरत नाहीये. मेन बंद केला, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह फिरवून बंद केले, पंपाचं तोंड उघडलं. आतल्या पंख्याला ताडपत्रीचा निळा दोरा गच्च गुंडाळलेला, वीतभर लांबीचा, आणि त्याला केसांचा पुंजका. चिमट्याने दोरा उलटा सोडवला, पंखा बोटाने फिरवून बघितला, परत बसवलं. संध्याकाळी मालकांचा फोन आला, 36 झालं म्हणून. त्यांच्याकडे आधी येऊन गेलेल्याने नवीन हीटरची ऑर्डर देऊन ठेवली होती.

तुमच्याकडे हे कसं ओळखायचं? रात्री गच्ची शांत झाली की जेट बंद करून बाजूच्या पॅनलला कान लावा. बारीक घुंई ऐकू येते का? मग फिल्टरपाशी कागदाचा कपटा पाण्यावर सोडा. पाणी ओढलं जात असेल तर तो हळूहळू तिकडे सरकेल. नुसती हं आहे आणि कपटा ढिम्म, तर पंप जॅम आहे किंवा त्याने हवा धरलीय.

हवा धरणं हे रिकामा टब भरताना होतंच. पाइप टबच्या मध्ये सोडून भरला की खालच्या नळ्यांमधली हवा आतच कोंडते. म्हणून पाइप फिल्टरच्या खड्ड्यात घालून भरायचा, म्हणजे पाणी नळ्यांमधून वर येतं आणि हवेला पुढे ढकलतं. आता भरून झालाय, तर मेन बंद करून पंपाजवळची युनियन, म्हणजे नळी जोडणारी आट्यांची मोठी रिंग, अर्धा-पाऊण आटा सैल करा. हवा असेल तर फुस्स आवाज येईल. आवाज संपून पाणी ठिबकायला लागलं की हाताने घट्ट करा. पान्ह्याचा जोर लावू नका, प्लॅस्टिकचे आटे आहेत.

त्याआधी याहून सोपं एक काम: फिल्टर काढून ठेवा आणि अर्धा तास टब तसाच चालू द्या. त्या अर्ध्या तासात हीटचं चिन्ह स्थिर झालं, तर दोषी फिल्टर. तो डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण तेल आणि घामाने आतून बुजलेला असतो, नळाखाली धरून ते निघत नाही. फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवायचा, नाहीतर नवा घ्यायचा. फिल्टरशिवाय टब रोज मात्र चालवू नका.

पाणी वाहतंय आणि तरी चिन्ह लुकलुकतंय, तर फ्लो स्विच बघावा लागेल. कोरडा राहून त्याची पट्टी अडकते. आणि इथे एक गोष्ट कोणत्याही मेकॅनिकला करू देऊ नका: फ्लो स्विचच्या दोन वायरी जोडून टाकणं. ‘डायरेक्ट केला साहेब, आता तापेल.’ तापेल, शंकाच नाही. अंधेरीला मी असा डायरेक्ट केलेला टब पुढच्याच महिन्यात उघडलाय. पाणी थांबलं, हीटर थांबला नाही. एलिमेंट काळंठिक्कर, शेजारची प्लॅस्टिकची नळी मेणबत्तीसारखी वाकलेली. आग लागली नाही हे त्या घराचं नशीब. आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, वारंवार पडते म्हणून ती काढून नुसती एमसीबी लावणारेही भेटतात. आरसीसीबीला 30 मिलिअँपिअरची गळती कळते. पाण्यात बसलेल्या माणसाला वाचवणारी तेवढी एकच वस्तू आहे. ती पडत असेल तर एलिमेंट अर्थला लागलंय का ते बघायचं, तिला काढायचं नाही.

समजा चिन्ह स्थिर आहे. मग प्रश्न विजेचा, आणि तिथे टाँग टेस्टर, म्हणजे वायर न सोडता करंट मोजणारा चिमट्यासारखा मीटर, सगळे वाद मिटवतो. हीटरच्या एका वायरीभोवती तो अडकवायचा. 13 अँपिअरच्या आसपास दाखवले, तर हीटर चालतोय, विषय संपला. शून्य दाखवलं, तर हीटरच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघायचं. 230 येतंय आणि करंट शून्य, म्हणजे एलिमेंट तुटलंय. मेन बंद करून, वायरी सोडून ओहमवर मोजलं की खात्री होते. 3 किलोवॅटचं एलिमेंट 17-18 ओहम दाखवतं, 2 किलोवॅटचं 26 च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर बदला, पहिला मेकॅनिक बरोबर होता. व्होल्टेजच येत नसेल तर रिले, कटआऊट किंवा मधली जोडणी, म्हणजे दुसरा मेकॅनिक निदान त्या दिशेला तरी होता. पण ‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी बोर्ड नीट बघायचा. समुद्राच्या वाऱ्याने लग, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे तुकडे, हिरवे पडलेले असतात, स्क्रू सैल होऊन वायरीचं इन्सुलेशन तपकिरी झालेलं असतं. वर्सोव्याला एका कॉन्टॅक्टरच्या (रिलेच्या मोठ्या भावाच्या) दोन पॉइंटमध्ये पाल चिरडून वाळली होती. पॉइंट मिळत नव्हते, एवढाच काय तो ‘बोर्डाचा बिघाड’. कटआऊटला बहुधा एक लाल बटण असतं. हवा असताना हीटर क्षणभर चालला तरी ते उडतं. दाबल्यावर ‘टिक्’ झालं तर ते उडालेलं होतं. एकदा दाबणं ठीक आहे, पुन्हा उडालं तर कारण शोधा.

हा सगळा भाग इलेक्ट्रिशियनने करायचा. तुम्ही ओल्या गच्चीवर अनवाणी उभं राहून मीटर लावू नका.

काम झाल्यावर ते खरंच झालं का, हे मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता. पाच जणांच्या टबात साधारण 1100 लिटर पाणी धरू. ते एक अंश तापवायला जवळपास 1.3 युनिट लागतात. 3 किलोवॅटचा हीटर झाकण लावून तासाला सव्वादोन अंश देईल, वारा-बिरा धरून दोन. म्हणजे 28 वरून 38 ला पाचेक तास. तासाला दीड अंश येत असेल तर हीटर तपासण्याआधी व्होल्टेज तपासा. लाइनला 200 व्होल्टच येत असतील तर तोच हीटर सव्वादोन किलोवॅटचा होऊन बसतो, कारण व्होल्टेज थोडं घसरलं तरी ताकद बरीच घसरते. जुनी बिल्डिंग, लांबून ओढलेली बारीक वायर आणि खाली चार एसी, हे चित्र मी पुष्कळदा बघितलंय. झाकणही बघा. भिजून जड झालेलं, मध्ये खचलेलं झाकण म्हणजे उघडा टब. उष्णता सगळ्यात जास्त जाते ती वरून, वाफेबरोबर.

बाथरूममधली जकुझी असलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांचा हिशोब वेगळा आहे. तो टब गीझरच्या गरम पाण्याने भरायचा असतो. त्यातला दीड किलोवॅटचा हीटर पाणी गार होऊ नये एवढ्यासाठीच असतो. त्यात थंड पाणी भरून तापायची वाट बघणाऱ्या प्रभादेवीच्या एका कुटुंबाला मी सगळं समजावून सांगितलं, तरी त्यांनी दुसऱ्याला बोलावून हीटर बदलून घेतलाच.

तुम्ही टब कोणत्या पाण्याने भरलात, तेही कळवा. पालिकेचं पाणी तानसा-भातसासारख्या तलावांचं, मऊ असतं, त्याने एलिमेंटवर फारसे क्षार चढत नाहीत. टँकरचं किंवा बोअरचं असेल तर ते जड असतं, आणि दोन वर्षांत एलिमेंटवर पांढरी खपली धरते. तुमचा टब गेल्या वर्षी चांगला चालला होता, त्यामुळे हे आजच्या दुखण्याचं कारण नसावं, पण पुढचं असू शकतं.

दुरुस्ती होईपर्यंत पाणी तसंच ठेवून देऊ नका. 28-30 अंशांचं साचलेलं पाणी जंतूंना फार मानवतं. क्लोरीन टाकत राहा, पट्टीने तपासत राहा आणि झाकण घट्ट लावा. आठवड्याहून जास्त लागणार असेल तर रिकामा करा. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं डासांच्या अळ्या शोधत गच्चीवर येतात, तेव्हा बॅटरीचा झोत पिंप-कुंड्यांबरोबर असल्या टबातही पडतो, आणि अळ्या सापडल्या तर नोटीस मालकाच्या नावाने निघते.

तर आज रात्री कान लावणं, कागदाचा कपटा आणि फिल्टर काढून अर्धा तास, एवढं करा आणि हीटच्या चिन्हाचं काय झालं ते कळवा. तिसऱ्या मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच, तर फोनवरच विचारा, टाँग टेस्टर आणणार ना? ‘त्याची काय गरज, मला आवाजावरून कळतं’ असं म्हणाला, तर त्याला मुलुंडपर्यंत यायचे कष्ट देऊ नका.